सीडी खिडकीत आहे

"सीडी आहे का, बाई?" बागवेंनी फोनवर विचारलं.
आहे ना. खिडकीच्या गजाला, सुतळीनं बांधलेली.
कबुतरं येऊ नयेत म्हणून मीच टांगली गेल्या दिवाळीत.
तिच्यावरचं चंदेरी आता उडालंय,
आरपार दिसतं समोरच्या झेरॉक्सवाल्याचं शटर.
कबुतरं तिच्याच शेजारी बसतात.

बागवे हसले, मग कण्हले.
सायनच्या हॉस्पिटलात, मांडीत सळई घातलेला माणूस,
हसणं अजून परवडत नाही त्यांना.

पावणेआठ. कुर्ला कोर्टाची गल्ली रिकामी.
बाकावर झरीनाबी काझी बसून आहेत.
शाळेच्या दाखल्यावर ज, रेशनकार्डावर झ,
आणि सकाळी अकराला शपथेवर सांगायचंय
की ह्या दोघी एकच बाई आहेत.
मसुदा आत आहे. आत म्हणजे त्या डब्यात,
जो चालू होतो, लोगो दाखवतो,
आणि काहीतरी विसरल्यासारखा परत फिरतो.

"आधी फोन डब्याला लावा. मला ऐकू दे."
टाइपरायटर होते तेव्हाही असंच करायचे,
कान टेकवून म्हणायचे, बाई, तुमचा र झिजलाय.
एकच बीप. "म्हणजे रॅम जिवंत.
तरी काढा. खोडरबरनं पुसा. आपल्या समाधानाला."
पुसली. पिवळे दात उजळले.
बसवताना टक् व्हायला हवं. झालं.
लोगो. काळोख.
लोगो. काळोख.

"आता एफ आठ. एकदा दाबून वाट बघू नका,
कडी वाजवतात तशी वाजवत राहा."
मिनिटाला साठ शब्दांची, सर्टिफिकेटवाली ही बोटं
एकाच बटणावर, पहिल्या दिवसासारखी.
उघडली. काळ्यावर पांढरी यादी.
"सगळ्यात वरची ओळ. दुरुस्ती म्हणते ना?
सीडीबिडी लागत नाही त्याला,
कारखान्यातूनच एका कोपऱ्यात भरून देतात.
फक्त सांगत नाहीत कुणाला."
मागून सिस्टरचा आवाज: काका, फोन ठेवा.
"दोनच मिनिटं. इथे पेशंट सीरियस आहे."

सी, एच, के, डी, एस, के.
जागा सोडा. आता डी.
डी का? माझं सगळं सीमध्ये आहे.
"ह्या खोलीत सीला डी म्हणतात. माल तोच.
दोन टिंबं. जागा. स्लॅश."
कुठला? पुढे झुकलेला की मागे रेललेला?
"पुढे. कामावर निघालेल्या माणसासारखा.
आर. एंटर. आणि त्याला हात लावू नका आता,"
एवढं बोलून फोन गेला.

एक टक्का.
झरीनाबींनी पिशवीतून खारी काढली,
अर्धी माझ्या कीबोर्डाशेजारी ठेवली, कागदावर.
"काय करतंय ते?"
एकेक पान उघडून बघतंय, कुठलं वाचता येत नाही.
"आणि नाही आलं तर?"
तिथे खूण करून पुढे जातं.
त्या बराच वेळ गप्प होत्या.
"हेडमास्तरांनी असंच करायला हवं होतं," मग म्हणाल्या.

अकरा टक्के. अकरा. अकरा.
वॉचमन घोरपडे जिना बंद करायला आला
आणि स्टूल ओढून बसला,
मॅचचा स्कोअर बघावा तसा.
साठाला तो घोरत होता.

साडेदहाच्या सुमाराला डब्यानं नेहमीची धून वाजवली,
काही घडलंच नाही अशा थाटात.
फाईल होती. मी छापली.
'मी, झरीनाबी उर्फ जरीनाबी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की'
पुढचं त्यांनी ओठ हलवत वाचलं, सही सकाळसाठी ठेवली.
पैसे द्यायला लागल्या तर म्हटलं, निम्मे बागवेंचे,
ते हॉस्पिटलात पोचवीन.

बागवेंना मेसेज केला: चाललं.
एकच टिक. झोपवलं असेल.

खिडकी ओढताना सीडी गजावर आपटली.
सुतळी सुटत आली होती, म्हणून
अजून एक गाठ मारली.
मग टेबलावरच्या खोडरबराच्या काळ्या वळ्या
फुंकून टाकल्या, आणि दिवा घालवला.